नवजात अर्भकाची ऊर्जा व प्रतिकारशक्ती
जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळास नवजात अर्भक म्हणतात. नाळ कापताच आईकडून मिणारे ग्लुकोज थांबते आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा काही तासांतच घटतो. या मर्यादित ऊर्जेवर शरीराची ऊब, मेंदूचे कार्य आणि संसर्गाचा प्रतिकार अवलंबून असतो. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात. नवजातांच्या मोनोसाइट पेशींत ही क्षमता प्रौढांपेक्षा कमी आढळते. दाह सौम्य राहिल्याने ऊर्जा वाचते, परंतु जंतुसंसर्ग बळावून सेप्सिस होऊ शकतो. अशा वेळी ताप येण्याऐवजी बाळाचे अंग थंडही पडते. ग्लायकोजेन मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत साठत असल्याने अकाली जन्मलेली बाळे अधिक दुर्बल असतात. म्हणूनच जन्मानंतर तासाभरात स्तनपान आणि आईच्या त्वचेची ऊब महत्त्वाची ठरते.