श्वासाची ऊब आणि गवंड्याचा चुना

भूल दिलेल्या माणसाच्या उशाशी जे यंत्र असते, त्याला एक पारदर्शक डबा लावलेला असतो आणि डब्यात पांढरे दाणे. हा सोडालाइम. शस्त्रक्रिया सुरू होऊन थोडा वेळ झाला की भूलतज्ज्ञ त्या डब्याला हात लावून पाहतात. डबा उबदार लागला की दाणे कामाला लागले असे समजायचे. माझे म्हणणे असे, की भुलीत रुग्णाच्या श्वासाला ऊब आणि ओल पुरवण्याच्या विद्येचे मूळ या डब्यात आहे आणि डब्याचे मूळ गवंड्याच्या चुन्यात. ही कुळकथा अहिल्यानगरातून सांगावी हेच योग्य. या एका जिल्ह्यात निजामशाहीने मळलेला सोळाव्या शतकातला चुनाही आहे आणि लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

आधी गरज काय ते पाहू. खोलीतल्या २२ अंशांच्या हवेत लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम पाणी असते. तीच हवा फुप्फुसात खोल पोचेपर्यंत ३७ अंशांची होते आणि तिच्यातले पाणी ४४ मिलिग्रॅमवर जाते. हे काम मुख्यतः नाक करते. भुलीसाठी श्वासनलिकेत नळी घातली की नाक वाटेतून बाजूला पडते. त्यात सिलिंडरचा वायू मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो, नाहीतर झडपेत बर्फ धरेल. नगरचा एप्रिलमधला वारा ओठ फोडतो, तरी त्यात थोडी ओल असते; सिलिंडरमधल्या वायूत जवळजवळ नसते. असा वायू तासन्‌तास आत गेला की कफ घट्ट होतो, श्वासनलिकेतली सूक्ष्म केसाळ लव मंदावते, शरीराची उष्णताही थोडी खर्च होते. लवेच्या पेशींना होणारी इजा शॅलन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवली.

या ऊब-ओलीच्या विद्येचे दोन प्रस्थापित वंश सांगितले जातात. एक वाफेचा. सर्दीला वाफारा आपणही घेतो, आणि जॉन स्नोने १८४७ मध्ये ईथरच्या उपकरणाला कोमट पाण्याची जोड दिली होती. पण ते पाणी ईथरची वाफ नेमकी आणि सारखी निघावी म्हणून होते, रुग्णाच्या श्वासनलिकेसाठी नव्हे. तेव्हा हा वंश मला मान्य नाही. दुसरा वंश नाकाच्या नकलेचा. बाहेर पडणाऱ्या श्वासातली वाफ जाळीवर किंवा कागदाच्या घडीवर धरायची आणि पुढच्या श्वासाबरोबर परत द्यायची. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीनंतर गळ्याला भोक पाडून श्वास देण्याची पद्धत वाढली. मग वॉली यांनी १९५६ मध्ये आणि टोरेमाल्म यांनी १९६० मध्ये अशा साधनांवर लिहिले. आज नळीच्या तोंडाशी बसणारा छोटा गोल फिल्टर, ज्याला शस्त्रक्रियागृहात सगळे एचएमई म्हणतात, तो याच वंशातला. पण तोवर भुलीच्या यंत्रात चुना येऊन ३० वर्षे झाली होती.

आता चुना. इथे बहुतेकांची एक गफलत होते. चुना उष्ण हे सर्वांना ठाऊक आहे, कारण कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो खदखदतो. ती उष्णता वेगळी आणि ती तिथेच संपते. मला म्हणायची आहे ती त्यानंतरची, फार सावकाश निघणारी उष्णता. विरलेला चुना भिंतीवर चढतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्यात कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू सुटतो आणि उष्णताही सुटते. तंबाखूच्या चुन्याची डबी उघडी राहिली की वर जो पापुद्रा धरतो, तो हाच दगड. नगरच्या काळ्या मातीतली चुनखडी भाजायची, विरवायची, बैलाच्या घाण्यात रेतीबरोबर दळायची आणि तो मसाला फराहबागेसारख्या पाण्याने वेढलेल्या महालाला लावायचा. सोळाव्या शतकातला तो गिलावा टिकला, कारण कित्येक वर्षे हवेतून कण-कण घेत तो दगड होत गेला. खेड्यातली घरे पांढरीच्या मातीची असत. चुना हा वाडा, मशीद आणि किल्ला यांचा मानकरी.

हा धागा मला ज्या ठिकाणी सापडला, ते नगरपासून फार दूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये भराभर नव्या चाळी उठत होत्या. त्यांचा गिलावा ओला असे, म्हणून सुरुवातीचे काही महिने तिथे गरीब कुटुंबांना कमी भाड्यात ठेवत. घर वाळले की त्यांना काढून पैसेवाल्या भाडेकरूला जागा देत. अशा भाडेकरूंना जर्मनमध्ये ‘ट्रोकेनवोनर’, म्हणजे राहून घर वाळवणारे, असे नाव पडले होते. ते नुसत्या चुलीच्या धगीने घर वाळवत नव्हते. त्यांचा श्वास भिंत पीत होती आणि त्या बदल्यात पाणी सोडत होती. भिंती घट्ट झाल्या आणि त्या दमट खोल्यांत माणसे, विशेषतः मुले, आजारी पडत राहिली. उच्छ्वास चुन्यात गेला की ओल आणि ऊब बाहेर येते, हे मी प्रथम तिथे नीट पाहिले. भुलीच्या डब्यात हेच घडते. फक्त भिंतीला महिने लागतात आणि दाण्यांना क्षण.

यावर आक्षेप घेणारे म्हणतील, की ही केवळ रसायनाची समानता आहे, वंश नव्हे. म्हणून साखळी दाखवतो. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये चुन्यावरचे प्रयोग छापले, आणि उच्छ्वास चुन्याच्या निवळीत फुंकला की ती दुधाळ होते हेही त्यानेच दाखवले. १८४१ मध्ये विल आणि व्हारेन्ट्राप यांनी सोडा आणि चुन्याचे मिश्रण प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजायला वापरले. पहिल्या महायुद्धात ते दाण्यांच्या रूपात विषारी वायूच्या मुखवट्यात गेले. १९१५ मध्ये सेंट लुईसच्या डेनिस जॅक्सनने कुत्र्यांना भूल देताना उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून तोच वायू परत वापरला. १९२४ मध्ये राल्फ वॉटर्सने दाण्यांचा डबा रुग्णाच्या तोंडापाशी आणला. साखळीतली एक कडी कमजोर आहे. स्नोने १८५० मध्ये केलेल्या शोषणाच्या प्रयोगात आणि फ्लॉइसच्या १८७९ च्या श्वसनयंत्रात चुना नाही, दाहक पोटॅश आहे. माझा तर्क असा, की पोटॅश हे वाटेतले एक वळण होते. सोडालाइममध्येसुद्धा सोडा मधला दलाल आहे. तो कार्बन डायऑक्साइड झटकन घेतो, चुन्याच्या हवाली करतो आणि मोकळा होतो. शेवटी साठवतो तो चुनाच, आणि डब्यात ७५ ते ८० टक्के माल त्याचाच असतो.

डबा शोधण्यामागे ऊब हा हेतू नव्हता. जॅक्सन आणि वॉटर्स दोघांना महागडा वायू वाचवायचा होता. पण वॉटर्सने फायदे सांगताना शरीराची उष्णता आणि ओल टिकते हेही नोंदवले. मी हिशेब मांडून पाहिला. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाला १२ लिटर. तेवढा चुन्यात गेला की सुमारे ९ ग्रॅम पाणी निघते. मिनिटाला ५ लिटर कोरडा वायू पूर्ण ओला करायला तासाला १३ ग्रॅम लागते. म्हणजे दोनतृतीयांश उधारी चुना एकटा फेडतो, आणि ते पाणी वाफ करण्याइतकी उष्णता त्याच क्रियेतून निघून वर उरतेही. शिवाय दाण्यांत सुरुवातीपासून १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतेच.

मग एचएमईची गरज का पडली? १९३० मध्ये ब्रायन स्वोर्डने वर्तुळाकार परिपथ आणला, नळ्या लांब झाल्या आणि डबा तोंडापासून दूर गेला. चुन्याची भुकटी श्वासात जाण्याचा धोका टळला, पण वाफ वाटेतल्या नळीतच थिजू लागली. त्यात ताज्या वायूचा ओघ मोठा ठेवण्याची सवय लागली, आणि ओलसर वायू शोषणाऱ्या डब्याला वळसा घालून बाहेर उडून जाऊ लागला. नाकाची नक्कल ही माझ्या मते त्या अंतराची भरपाई आहे. ओघ मिनिटाला १ लिटर किंवा त्याहून कमी ठेवला तर तासाभरात वर्तुळातली ओल लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे जाते, ती चुन्याच्या आणि परतणाऱ्या श्वासाच्या बळावर. बेन आणि स्पोरेल यांनी १९७२ मध्ये नळीत नळी बसवून, बाहेर जाणाऱ्या श्वासाने आत येणारा वायू तापवायचा मार्ग काढला. आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत तो बेन्स सर्किट म्हणून घरोघरचा झाला. त्यात डबा नाही, ओघ मोठा लागतो, आणि ती ऊब फारशी पुरत नाही.

चुन्याच्या बाजूने माझा शेवटचा पुरावा हा. गिलावा केल्यावर नगरचा गवंडी त्यावर रोज पाणी मारतो. अगदी कोरड्या चुन्याशी कार्बन डायऑक्साइड नीट जुळत नाही, पाण्याचा पातळ थर लागतोच. सोडालाइमची गतही तीच. शनिवारी यंत्राचा वायू बंद करायचा राहिला, तर रविवारभर कोरडा ऑक्सिजन दाण्यांतून वाहून ते सुकतात. सोमवारी सकाळी ते दाणे काम नीट करत नाहीत, आणि डेसफ्लुरेनसारख्या भुलीच्या द्रवाची वाफ त्यांच्यावरून गेली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. १९९० च्या दशकात अशा घटनांची नोंद झाली, तेव्हापासून सुकलेले दाणे न वापरता ताजे भरण्याचा नियम आहे.