शरणपूर : निराश्रितांच्या घराचा इतिहास

वणीहून नाशिकास जाणाऱ्या प्रत्येकास शरणपूर रस्ता ठाऊक असतो. त्या नांवामागील इतिहास मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. सन १८५४-५५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं ही वसाहत वसविली. ती मंडळी आमच्या पंथाची नव्हे. तथापि सत्कृत्याचें ऋण मानण्यास पंथभेद आड येऊं नये.

अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून इंग्रज आरमारानें सोडविलेलीं कित्येक आफ्रिकन मुलें मुंबईस उतरत. दास्य सुटलें, पण घर कोठें? त्यांतील अनेकांस शरणपुरांत आसरा मिळाला. तेथें नुसतें छप्पर नव्हतें. शाळा होती, सुतारकी व लोहारकीचें शिक्षण होतें. येथेंच शिकलेला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनास गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांच्या अंत्यविधींत मानकऱ्यांच्या पंक्तीस उभा राहिला. पुढें १८७५ सालीं प्राइस यांनीं मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठीं फ्रियरटाउन वसविलें. तेथें नाशिकचीं ही माणसें शिक्षक व कारागीर म्हणून उपयोगी पडलीं. ज्यांनीं आसरा घेतला, तेच आसरा देणारे झाले.

आजही द्राक्षांच्या हंगामांत सुरगाणा-पेठकडील मजूर कुटुंबें आमच्या दिंडोरी तालुक्यांत येतात. कित्येकांचा संसार बांधावरच्या पालांत असतो. त्यांस रात्रीपुरता निवारा देणें हें आमचें अर्धेंच कर्तव्य होय. मुलांस शाळा व हातांस कसब मिळेल, तेव्हांच निवाऱ्याचें घर होईल.