राक्षस, संकासूर आणि मुळशीचा करंट

पौडच्या माणसापुढे ‘हेवी मेटल’ हा शब्द टाकला, तर तो आधी वजन विचारील आणि मग भाव. जड धातू म्हणजे लोहाराची ऐरण, नाहीतर आजीचा तांब्याचा बंब. हा गाण्याचा प्रकार आहे हे पटायला घरात एखादा भाचा असावा लागतो. माझ्याकडे आहे. काळा शर्ट घालून तो मान अशी घुमवतो की बघणाऱ्याने देवऋषी गाठावा. वर म्हणतो, “मामा, जरा शब्द ऐका की!” त्या गुरगुरण्यात शब्द शोधणं म्हणजे विसर्जनाच्या गर्दीत चप्पल शोधणं. पण मामाला इतिहासाची खोड, म्हणून हा वृत्तांत.

या संगीताचा जन्म खरोखरच धातूच्या कारखान्यातला. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी नावाच्या पोराची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली. गड्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, ती बोटांना चढवली आणि गिटार चालू ठेवली. 1970 साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी निघाली आणि तिथून हा गोंगाट जगभर झाला.

मुंबईत 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे जलसे होऊ लागले. धोबी तलावाजवळचं रंगभवन हे त्यांचं पंढरपूर. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात मोडला आणि वारकरी उघड्यावर आले. 2000 साली साहिल मखिजा या तरुणाने मुंबईत बँड काढला : ‘डेमॉनिक रिझरेक्शन’, म्हणजे राक्षसी पुनरुत्थान. स्वतःचं नाव घेतलं ‘डेमनस्टीलर’. लोक दागिने चोरतात, याने थेट राक्षस चोरला! तीन वर्षांनी मुंबईतच दुसरा बँड निघाला, त्याचं नाव ‘भयानक मौत’. “भयानक मौत यांच्या कार्यक्रमास सहकुटुंब यावे,” अशी पत्रिका छापायला कोणता प्रेसवाला धजावेल?

साहिलरावांनी मात्र चिकाटी सोडली नाही. तबकड्या काढायला कंपनी नाही? स्वतःची काढली. जलसे नाहीत? स्वतः भरवले. 2010 साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आली आणि त्याच वर्षी विलायतेतल्या ‘मेटल हॅमर’ मासिकाने या मंडळींना पारितोषिक दिलं. 2014 साली ते जर्मनीत वाकेनला वाजवून आले. वाकेन हे दोन हजारांच्या आसपास वस्तीचं खेडं. पण उन्हाळ्यात तिथल्या शेतांत या संगीताची जत्रा भरते आणि हजारो माणसं चिखल तुडवत येतात. आपली जत्रा आणि ती जत्रा यांत फरक एवढाच की तिथे नारळ फोडत नाहीत.

पण टाळ्यांनी डबा भरत नाही, हे तमाशातल्या ढोलकीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. राक्षस चोरणाऱ्या या गृहस्थाने स्वयंपाकही धरला. ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा त्याचा पाककृतींचा कार्यक्रम निघाला आणि गुरगुरण्याशी सुतराम संबंध नसलेल्या गृहिणीही तो बघू लागल्या. आमच्या सौ.देखील. त्यांच्या मते माणूस गुणी आहे, “फक्त ते गाणं सोडलं पाहिजे.” तेवढंच तो सोडत नाही, म्हणून तर हा इतिहास!

आणि 2017 साली या राक्षसांनी केलं काय? ‘दशावतार’! मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं. भाचा म्हणाला, “बघा, किती नवीन!” मी म्हटलं, बाळा, कोकणात जा. तिथल्या दशावतारात वेद चोरणारा संकासूर काळ्याच वेशात येतो आणि पोरं किंचाळतात. काळे कपडे, चोरी आणि आरडाओरडा हे सगळं आपल्या देवळांपुढे केव्हापासून चाललंय.

हे ऐकल्यापासून मी त्या आवाजाला परका म्हणत नाही. शिवाय एक हिशेब आहे. 1921 साली आमच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. भातखाचरं पाण्याखाली गेली, पाणी कोकणात भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. त्या वेळचा आमच्या माणसांचा आक्रोश मुंबईपर्यंत नीट पोचला नाही. आता मुंबईची पोरं विजेच्या तारांवर एवढी ओरडतात, तर त्यात थोडा करंट आमच्या मुळशीचाही असेल. मग निदान आम्ही तरी कानात बोटं घालू नयेत.

भाच्याला हे सांगितलं, तर त्याने आवाज वाढवला.