सुलतानांची पत्रे आणि कंपनीचा तर्जुमा

आमच्या वर्गातील मुलांसमोर आम्ही एकदा एका जुन्या पत्राचे छायाचित्र ठेवले. लिपी पाहताच मुले पुढे सरसावली. अलिफ ओळखीचा, बे ओळखीची. 'सुलतान', 'शाह' हे शब्दही वाचता आले. पण अर्थ लागेना, कारण भाषा मलय होती. मलय लोकांनी आपली भाषा अरबी लिपीत लिहिली. त्या लिपीला ते जावी म्हणतात. उर्दूने जसे गरजेपुरते नवे हर्फ घडवले तसेच त्यांनीही घडवले. मात्र आपण खाली तीन नुक्ते देऊन 'पे' करतो, तर ते 'फे'वर तीन नुक्ते देतात. मुलांची गाडी तिथेच अडली.

हे पत्र सुमात्राच्या उत्तर टोकावरील आचेहचा सुलतान इस्कंदर सानी याने १६३९ मध्ये हॉलंडच्या प्रिन्स फ्रेडरिक हेन्रीला लिहिले. आज ते लायडन विद्यापीठात आहे.

अशा पत्राला नुसता निरोप समजू नये. पत्र म्हणजे जणू राजाच. आचेहमध्ये परक्या राजाचे पत्र हत्तीवरून, वाजतगाजत दरबारात नेत. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच गव्हर्नर जनरलही आशियाई राजांची पत्रे तबकात ठेवून, छत्र धरून, तोफांच्या सलामीत किल्ल्यात नेववी. आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालणारी हीच डच कंपनी. दरबारी रीत ती लवकर शिकली. पत्रात आधी लांबलचक बिरुदे, मग मैत्रीची ग्वाही, मग काम आणि शेवटी सोबतच्या नजराण्याचा उल्लेख. काम बऱ्याचदा दोन ओळींचे. इस्कंदर सानीचा सासरा इस्कंदर मुदा याने १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजा जेम्सला पाठवलेले पत्र जवळजवळ मीटरभर लांब आहे. टिकू आणि परियामन या मिरीच्या बंदरांत व्यापाराची परवानगी त्याने त्यात नाकारली. नकारही कसा, तर सोन्याच्या वेलबुट्टीत!

बटाव्हियात पत्र पोहोचले की कंपनीचे लोक त्याचा डच तर्जुमा करीत आणि तो किल्ल्याच्या रोजनिशीत उतरवून ठेवीत. त्यांना मतलब मिरी, कथील आणि भावाशी. बिरुदे, दुआ, मैत्रीचे शब्द बऱ्याचदा आखडते घेतले जात. सतराव्या शतकातील मूळ कागद फार थोडे उरले. म्हणजे सुलतान काय म्हणाला ते आज बहुधा समोरच्या पक्षाच्या कारकुनाकडूनच ऐकावे लागते. आम्हाला हे खुपते. पण खरे तेही सांगितले पाहिजे, कारकुनाने उतरवून ठेवले नसते तर एवढेही हाती लागले नसते.

आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो ते सफियतुद्दीनपाशी. १६४१ मध्ये इस्कंदर सानी वारला आणि त्याची बेगम, म्हणजे इस्कंदर मुदाची मुलगी, 'ताजुल आलम' या किताबाने तख्तावर बसली. तिने ३४ वर्षे राज्य केले. तिच्यानंतर लागोपाठ आणखी तीन राण्या झाल्या, थेट १६९९ पर्यंत. बाईने राज्य करणे आपल्यात बसतच नाही असे ठणकावून सांगणाऱ्यांनी हा भाग सवडीने वाचावा.

नवऱ्याने डचांकडून जवाहिर मागवले होते. ते घेऊन कंपनीचे वकील आले तेव्हा मागतील तो भाव द्यायला ती तयार होईना. घासाघीस काही वर्षे चालली. कंपनीने मात्र वेगळा रस्ता धरला. १६५० च्या कराराने पेराकच्या कथलात अर्धा वाटा मिळवला. पुढे १६६३ मध्ये, पैनानचा करार म्हणून जो ओळखला जातो त्यात, पश्चिम किनाऱ्यावरील सरदारांना तिच्या हाताखालून काढून परस्पर आपल्या आश्रयाला घेतले. त्या सरदारांत टिकूचेही होते. तिच्या वडिलांनी इंग्रजांना जे बंदर दिले नव्हते, तेच टिकू.