अभिजितचा हिशेब जुळेना तेव्हा

पावसाळा सरला की संध्याकाळी वायव्येला, बराच उंचावर, एक पांढराशुभ्र तारा दिसतो. मराठीत तो अभिजित. इंग्रजीत व्हेगा, आणि हे नाव मुळात अरबी आहे: 'अन-नस्र अल-वाकिअ', झेप घेत खाली उतरणारा गरुड. त्यातला 'वाकिअ' युरोपात पोहोचता पोहोचता झिजून 'व्हेगा' झाला. उर्दूतला 'वाकिआ', म्हणजे घटना, याच धातूचा. १९८३ साली या ताऱ्याच्या बाबतीत खरोखरच एक वाकिआ घडला.

१८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि त्यांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण. आकाशातून येणारे हे किरण जमिनीवरून पाहणे कठीण. हवेतली वाफ त्यांतले बरेचसे गिळते, शिवाय दुर्बीण स्वतःच उबदार असल्याने तिचेही अवरक्त किरण त्यांत मिसळतात. म्हणून अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून २५ जानेवारी १९८३ रोजी 'आयरास' ही दुर्बीण अवकाशात पाठवली. आरसा जेमतेम ५७ सेंटीमीटरचा, पण द्रवरूप हेलियमने कमालीचा थंड ठेवलेला. हेलियम उडून गेला की दुर्बीण आंधळी होणार, हे आधीपासूनच ठरलेले.

कोणतेही मोजमाप सुरू करायचे तर आधी तराजू तपासावा लागतो. त्यासाठी अभिजितसारखे भरवशाचे तारे वापरत. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे मापच मुळी त्याच्यावर बेतलेले होते. हार्टमुट ऑमन आणि फ्रेड जिलेट यांना दिसले की ६० आणि १०० मायक्रॉनच्या लांब लहरींत अभिजित हिशेबापेक्षा फारच जास्त तेजस्वी आहे. अशा वेळी उपकरणालाच दोष देऊन आकडे दुरुस्त करणे सर्वांत सोपे. या दोघांनी तसे केले नाही. दुसरे तारे तपासले, तर दुर्बीण बरोबर होती. अभिजितभोवती थंड धुळीचे वलय होते आणि तीच धूळ ताऱ्याची ऊब घेऊन अवरक्तात चमकत होती. सूर्याखेरीज दुसऱ्या सामान्य ताऱ्याभोवती असे घन पदार्थ असल्याचा हा पहिला पुरावा. सूर्याबाहेरच्या ग्रहांचे शोध तेव्हा अजून दूर होते.

मे महिन्यात पृथ्वीजवळून गेलेला धूमकेतू हा दुसरा किस्सा. आयरासने तो आधी टिपला, पण बातमी पसरायच्या आत जपानचे अराकी आणि इंग्लंडचे निवृत्त शिक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. अल्कॉक यांनी तर घरातूनच, खिडकीच्या काचेआडून, द्विनेत्रीने! धूमकेतूला तिघांचीही नावे मिळाली. ऑक्टोबरात सापडला 'फेथॉन' हा लघुग्रह. डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावाचा उगम त्याच्यातच आहे.

नोव्हेंबर १९८३ मध्ये हेलियम संपला. दहा महिन्यांत सुमारे ९६ टक्के आकाश पाहून झाले होते. पुढे २०२४ मध्ये हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींनी अभिजितच्या धुळीचे बारकाईने चित्र घेतले, तर ती तबकडी आश्चर्य वाटावे इतकी एकसारखी निघाली; मोठ्या ग्रहाने कोरलेल्या खाचा तिच्यात दिसल्या नाहीत. असे का, यावर अजून खल चालू आहे. आयरास मात्र मुकी होऊन आजही पृथ्वीभोवती फिरते आहे. जानेवारी २०२० मध्ये दुसऱ्या एका निकामी उपग्रहाशी तिची टक्कर होता होता टळली.