बोटांचे ठसे कुणाचे? ट्रस्ट, बंदूक आणि जबाबदारी

आज आपण मालकी या कल्पनेबद्दल बोलणार आहोत, पण जरा आडवाटेनं. अमेरिकेत गेल्या पंचवीसेक वर्षांत हजारो लोकांनी काही विशिष्ट हत्यारं स्वतःच्या नावावर न घेता ट्रस्टच्या नावावर घेतली. ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवस्थान येतं, शिक्षणसंस्था येते, फार तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय येतं. मग बंदुकीचा ट्रस्ट ही काय भानगड? ती समजून घ्यायची तर आधी मध्ययुगातल्या इंग्लंडात जायला हवं.

तिथे जमीनदार मेला की वारसाला वरच्या सरदाराला किंवा राजाला देणं द्यावं लागे. लोकांनी युक्ती काढली. जिवंतपणीच जमीन चार विश्वासू मित्रांच्या नावावर करायची आणि सांगायचं : नाव तुमचं, उपभोग माझ्या मुलाबाळांचा. फ्रान्सिस्कन साधूंची अडचण वेगळी होती. त्यांचं व्रत अपरिग्रहाचं, पण राहायला जागा तर हवीच. त्यांच्यासाठीही जागा दुसऱ्याच्या नावावर आणि वापर साधूंचा, अशी सोय झाली. आता मित्रानं दगा दिला तर? साधी न्यायालयं फक्त नाव बघत. तेव्हा लोक चान्सलरकडे जाऊ लागले आणि चान्सलर त्या मित्राच्या सदसद्विवेकाला हात घाली. यातून पुढे ट्रस्ट उभा राहिला. राजाचं उत्पन्न बुडायला लागलं तेव्हा आठव्या हेन्रीनं 1536 मध्ये कायदा आणला : ज्याचा उपभोग, तोच मालक. वकिलांनी त्यातूनही वाटा काढल्या, हे सांगायला नकोच. आपण लक्षात ठेवायचं ते एवढंच की खरी गरज आणि पळवाट या दोन्ही गोष्टी ट्रस्टमध्ये जन्मापासून एकत्र आहेत.

आता अमेरिकेत येऊ. दारूबंदीच्या काळात तिथे टोळ्या माजल्या. 1929 मध्ये शिकागोत सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवशी सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं. पुढे 1934 मध्ये नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आला. या कायद्यानं बंदी घातली नाही. कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन, सायलेन्सर या वस्तू विकत घ्यायच्या तर 200 डॉलर कर. त्या काळी थॉम्प्सन सबमशीनगनची किंमतच जवळपास तेवढी होती. म्हणजे कर कसला, अडसरच तो. गंमत बघा, ही रक्कम पुढे नव्वद वर्षं तशीच राहिली. महागाईनं तिची धार बोथट केली.

खरा अडसर वेगळाच होता. माणसानं स्वतःच्या नावावर अर्ज केला तर बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा आणि गावच्या पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही आणायची. अनेक ठिकाणी हे अधिकारी सही करायला सरळ नकार देत. पण नियमांत ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी आणि ट्रस्टही धरलेले होते. आता ट्रस्टला बोटं कुठून येणार? त्यामुळे ठसे नाहीत, फोटो नाही, सहीही नाही. दुकानातून वस्तू घ्यायला जो येई त्याची तपासणी होई. बाकीच्या विश्वस्तांची होत नसे. अशा मार्गानं आलेले अर्ज 2000 साली 900 हूनही कमी होते. 2014 मध्ये ते 90,000 च्या वर गेले.

यावरून सगळेच लबाड होते असं म्हणू नये. या कायद्यात नुसता ताबासुद्धा गुन्हा ठरू शकतो. समजा नवऱ्याच्या नावावर सायलेन्सर आहे, तो परगावी गेलाय आणि तिजोरीचा नंबर बायकोला ठाऊक आहे. मग ताबा कुणाचा? ट्रस्टमध्ये दोघंही विश्वस्त असले की हा प्रश्न मिटतो. मालक गेल्यावर मुलाबाळांकडे वस्तू सुरळीत जावी, हीही इच्छा असते. म्हणजे मध्ययुगातल्या त्या जमीनदाराचीच काळजी. पण दुसरी बाजूही खोटी नव्हती. ज्याला कायद्यानं हत्यार बाळगायला मनाई आहे, त्यानं ट्रस्टमध्ये असूनही ते हातात घेणं गुन्हाच होतं. पण तो तिथे आहे हे आधी कळणार कसं?

सरकारचं उत्तर 13 जुलै 2016 पासून लागू झालं. ट्रस्टमधल्या प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’नं ठसे आणि फोटो द्यायचे. त्याच वेळी पोलीसप्रमुखाच्या सहीची अट काढली. आता त्याला नुसती सूचना द्यायची. आम्हाला यातला तोल महत्त्वाचा वाटतो. एका अधिकाऱ्याची मर्जी गेली आणि मागे लपण्याची सोयही गेली. पुढे 2025 च्या कायद्यानं सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्यावर आणला, मशीनगनवरचा ठेवला. कर गेला तरी नोंदणी आणि ठसे राहिलेच.

तत्त्वज्ञानात आम्ही मुलांना विचारायचो, मालक म्हणजे कोण? ज्याचं नाव आहे तो, वापरतो तो, की उत्तर द्यायला बांधलेला आहे तो? जमिनीच्या बाबतीत या तिघांना वेगळं करून चालतं. आपल्याकडे देवस्थानची जमीन देवाच्या नावावर असते, पण हिशेब विचारायचा झाला तर कुणी मूर्तीला विचारत नाही, विश्वस्तांना विचारतात. बंदुकीच्या बाबतीत हे विचारणं नंतर करून भागत नाही. जमिनीचा गैरवापर झाला तर ती परत मिळवता येते. सुटलेली गोळी परत येत नाही. म्हणून नाव कुणाचंही असो, चाप ओढू शकणारा हात कुणाचा आहे हे आधीच माहीत असायला हवं. त्या 2016 च्या नियमाचा गाभा आम्हाला तरी हाच दिसतो.

ट्रस्ट या शब्दाचा अर्थच मुळी विश्वास. चान्सलरनं पूर्वी कागदामागचा माणूस शोधला, तो दगा झालेल्याला न्याय द्यायला. इथे तोच माणूस शोधावा लागला, तो दगा होऊच नये म्हणून. कायद्यानं कितीही कल्पित व्यक्ती निर्माण केल्या, तरी जबाबदारी घ्यायला शेवटी हाडामांसाचा माणूसच लागतो. आज इथेच थांबू.