उलटी वाजवली तरी तीच

युरोपातल्या अभिजात संगीतात सममिती आली ती कानाला सुखावण्यासाठी, असं सहसा मानलं जातं. आरशातल्या प्रतिमेसारख्या रचनांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. त्या जन्मल्या कागदावर. चौदाव्या शतकात गिओम द माशोने एका तीन-आवाजी रोंदोत एका आवाजाची ओळ दुसऱ्याला शेवटाकडून गायला लावली. तिसऱ्याची निम्मीच लिहिली, कारण उरलेली निम्मी म्हणजे तीच उलटी. १७४७मध्ये बाखने प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने दिलेल्या स्वरविषयावर ‘म्युझिकल ऑफरिंग’ रचलं. त्यातल्या खेकडा-कॅननची ओळ अठराच मापांची. एक वादक ती सुरुवातीपासून वाजवतो, दुसरा त्याच वेळी शेवटच्या सुरापासून मागे येतो. (खेकडा चालतो आडवा, पण नाव पडलं ते पडलं.) हे सुचायला समोर लिहिलेली ओळ हवी, जसं ‘ती होडी जाडी होती’मधली गंमत अक्षरं मांडल्यावरच नीट कळते. गळ्यातून गळ्यात आलेल्या आपल्या भीमपलासीत आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, अवरोहात सातही सूर. परतीची वाट मुद्दामच निराळी.

यावर कोणी म्हणेल, मुखडा पुन्हा येणं हीसुद्धा सममितीच, आणि त्याला कागद लागत नाही. खरंय. पण तिथे सूर त्याच दिशेने परततात; उलटे चालत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जे ऐकू येत नाही ते संगीत कसलं? वेबर्नच्या १९२८च्या सिंफनीतली आरसेबंदी पहिल्या ऐकण्यात बहुतेकांच्या हाती लागत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण हायडनने यावर तोड काढली होती. १७७२च्या ४७व्या सिंफनीतल्या मिन्युएटचा पहिला भाग दहा मापांचा. दुसरा भाग म्हणजे तोच, शेवटाकडून. मात्र प्रत्येक मापाची पहिली मात्रा त्याने जोरात वाजवायला सांगितली आणि उरलेल्या दोन हळू. त्यामुळे उलट वाजवताना जोर तिसऱ्या मात्रेवर पडतो, नाचाची चाल अडखळते, आणि काहीतरी फिरलंय हे स्वरलिपी न येणाऱ्यालाही जाणवतं. म्हणजे दोष सममितीचा नाही, तिची खूण न ठेवणाऱ्याचा आहे. हायडनला स्वतःलाही हा डाव आवडला असावा: पुढच्याच वर्षी, १७७३मध्ये, त्याने हाच मिन्युएट ए मेजरमधल्या कळफलकाच्या सोनाटात पुन्हा वापरला.